रानबदकांचं चित्र : काही महिने भिंतीवर राहिल्यानंतर

पाणकणसांच्या कडेला मॅलार्ड बदकांची जोडी, एवढाच या चित्राचा विषय. मूळ काम तैलरंगातलं. माझ्याकडे आहे ती जाड सुती कागदावर पिगमेंट शाईने छापलेली प्रत, काचेच्या फ्रेममधली. सुरुवातीला नजर जाते ती नराच्या हिरव्या डोक्याकडेच, म्हणून मी मुद्दाम इतके महिने थांबून लिहिते आहे.

कारण नंतर जिने धरून ठेवलं ती मादी. तपकिरी पिसांच्या फिकट कडा, डोळ्यावरून गेलेली गडद रेघ, नारिंगी चोचीवरचे काळपट डाग. वाळक्या पात्यांत ती इतकी मिसळून गेलीय की घरी येणारे आधी एकच बदक पाहतात. स्वीडनचे ब्रूनो लिल्येफॉर्स (१८६०–१९३९) परिसरात असे विरघळलेले पक्षी रंगवायचे. त्या वाटेवरचं हे काम आहे.

नराचं डोकंही जवळून पाहण्यासारखं आहे. त्या पिसांत हिरवं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश तसा परततो आणि कोन बदलला की निळा-जांभळाही दिसतो. चित्रकाराने डोक्याचा बराचसा भाग जवळजवळ काळा ठेवलाय. गालावर झळाळत्या हिरव्याचा एकच फटकारा आणि मानेकडे जांभळी झाक. बस्स!

ऋतूही अचूक. विणीनंतर उन्हाळ्यात नर पिसं टाकतात, मादीसारखे तपकिरी दिसू लागतात, काही आठवडे त्यांना उडताही येत नाही. तरी कित्येक चित्रांत भर उन्हाळ्यातल्या हिरवाईत चकचकीत नर पोहत असतात, आणि ते मला फार खटकतं. इथे पाती वाळकी आहेत, नर पूर्ण रंगात आहे, आणि शेपटी पाण्याच्या वर आहे, जशी बुडी न मारता पाण्याच्या पृष्ठभागावर चरणाऱ्या बदकांची असते.

तक्रार काचेची. सोबत आलेल्या साध्या काचेत समोरची खिडकीच दिसायची आणि डावीकडचं गडद पाणी पार नाहीसं व्हायचं. कमी चमकणारी काच बसवून घेतल्यावर चित्र खरं उघडलं. रंग अजून जसेच्या तसे आहेत. अर्थात थेट ऊन तिथे येत नाही. तैलरंगाच्या थराचा उठाव मात्र छपाईत मिळत नाही.

घेणार असाल तर मोठ्या आकारातलीच प्रत घ्या. लहान प्रतीत मादी पाणकणसांत हरवूनच जाते.