ग्वाल्हेर मिंट फरशी: वाड्याच्या चौकासाठी कशी आहे?

पाचपैकी साडेतीन. दगडाला चार, आणि ज्या घाईने तो आपल्याकडे बसवतात तिच्यापायी अर्धा वजा.

विंध्य भागातला हा वालुकाश्म पांढरट, हिरवट झाक असलेला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या चौकात घातला तर ठिगळ वाटत नाही. दोष एकच, पाणी पितो. दुकानात कोरड्या तुकड्यावर पाणी टाका. झटकन जिरले तर तो माल सोडा. हातोडीने हलके ठोका. खणखणीत वाजला पाहिजे, बद्द आवाज म्हणजे आत थर सुटले आहेत. चौकाला निदान ४० मिमी जाडी घ्या, गाडी आत येणार असेल तर ६० मिमी. २० मिमीचा माल भिंतीसाठी ठीक. पॉलिश मुळीच नको, पावसाळ्यात पाय घसरतो.

खाली १०० मिमी मुरूम धुमसाने ठोकून घ्या, वर चुना-रेती १:३ चा थर, आणि ६० फुटांना १ फूट ढाळ. फरशांमधल्या दरजा (सांध्यांच्या फटी) ८ ते १० मिमी ठेवून चुना-सुरखीने (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) भरा, आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. सिमेंटने दरजा भरल्या की ओल बाहेर पडायला दगडाचाच रस्ता उरतो. मग खार फुटतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे निघू लागतात. लोक दोष मात्र दगडाला देतात.

आता मुख्य गोष्ट. नवीन माल मागवण्याआधी जुनी फरशी वाचा. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे छावणी टाकली, पुढे तंबूंच्या जागी वाडे उठले, आणि वाडेही पुन्हापुन्हा बदलले. चौकात एकच सरळ सांधा भिंतीपासून भिंतीपर्यंत गेला असेल आणि दोन्ही बाजूंच्या फरशांची दिशा वेगळी असेल, तर तिथे बहुधा जोते किंवा भिंत होती. ठरावीक अंतरावरची चौकोनी खोबण म्हणजे लाकडी खांब. कोपऱ्याजवळ गोल, गुळगुळीत खळगा दिसला तर दार फिरत होते, मग समोर आज कोरी भिंत का असेना! ढाळ ज्या कोपऱ्याकडे जातो तिथे मोरी नसेल तर ती बुजवलेली आहे. आधी ती शोधा, नाहीतर नवे पाणी जोत्यात मुरेल. गल्लीतही पाहा: उंबऱ्याच्या पायऱ्या अर्ध्या जमिनीत गेल्या असतील तर रस्ता वर आला आहे. त्यावर आणखी पेव्हर ब्लॉक चढवले की पावसाचे पाणी थेट देवडीत.

जुनी फरशी उकलताना १:२० चा नकाशा काढा, वरून फोटो घ्या, प्रत्येक फरशीला क्रमांक द्या. तो पाठीवर आणि तेलरंगाने. खडूचा पहिल्या सरीत जातो, आणि मग कामगार खोबणीची फरशी पालथी घालून बसवतो.