छोटी गाडी, खारं वारं: कोकण किनाऱ्यावर नऊ महिने

गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघांनी 7 वर्षं जुनी, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक घेतली ती एकाच कामासाठी. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मोटारसायकल बंद झाली होती, आणि बाणकोटपासून रेडीपर्यंतचा किनारा नीट बघायचा आमचा बेत लग्नापासून राहून गेला होता. साताऱ्याहून निघायचं, कऱ्हाड, पाटण करत कुंभार्ली घाट उतरायचा आणि चिपळूणहून समुद्राकडे वळायचं. नऊ महिन्यांत अशा चार फेऱ्या झाल्या, शेवटची भर पावसात. मिळून साडेचार हजार किलोमीटर. गाडी मी चालवते, रस्ता ते सांगतात. गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण इथे लिहिलंय ते या आकाराच्या कुठल्याही गाडीला लागू पडेल.

आधी गाडीच्या आकाराबद्दल. घेताना बऱ्याच जणांनी सांगितलं, कोकणात जायचं तर उंच, दणकट गाडी घ्या. त्या रस्त्यांवर फिरल्यावर माझं मत पक्कं झालंय की छोटीच बरी. केळशी, आंजर्ले, गुहागर, कुठेही गावात शिरलात की दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, त्यामागे माड-पोफळीच्या बागा, आणि मधून जेमतेम एका गाडीचा रस्ता. समोरून एसटी आली की कुणीतरी मागे जायचंच, आणि ते आपणच जायचं. गुहागरात एकदा दीडशे पावलं तरी मी गाडी उलटी घेतली. आरसे मिटले, डावीकडे गडग्यापासून चार बोटं अंतर राहिलं, एसटीच्या ड्रायव्हरने हात वर केला आणि पुढे निघून गेला. रुंद गाडी असती तर गडगा तरी गेला असता नाहीतर दरवाजा तरी.

इंजिन 1200 सीसीचं आहे. घाटात दोघं आणि सामान असलं की दुसरा गिअर लागतो, पण दम लागत नाही. किनाऱ्याच्या रस्त्यावर लिटरला सरासरी 15 ते 16 किलोमीटर, महामार्गावर 19 मिळालं. टाकी 37 लिटरची आहे, पण अर्धी झाली की पंप दिसेल तिथे भरायची हा नियम आम्ही पहिल्याच फेरीत केला.

आता खरी परीक्षा, ती जेटीची. या किनाऱ्यावर दर चाळीस-पन्नास किलोमीटरला एखादी खाडी आडवी येते. वेसवी-बागमांडला सावित्रीच्या मुखावर, दाभोळ-धोपावे वाशिष्ठीच्या, तवसाळ-जयगड शास्त्रीच्या. तिथे गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. दाभोळची 2003 पासून सुरू आहे. ती नसेल तर दाभोळहून गुहागरला जायला खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरच्या वरचा फेरा पडतो. बोटीने खाडी काही मिनिटांत पार होते.

नोव्हेंबरात आम्ही दाभोळच्या जेटीवर पोचलो तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. पौर्णिमेनंतरची तृतीया. पाणी पार खाली गेलेलं, त्यामुळे जेटीचा एरवी पाण्याखाली असणारा उतार उघडा पडलेला. ओला, हिरवट, शेवाळलेला. त्याच्या टोकाला बोटीचा लोखंडी रॅम्प टेकलेला, आणि दोन्हींच्या मध्ये चांगलाच कोन झालेला. उतार संपून रॅम्प सुरू होतो तिथे पुढचा बंपर खालून खर्रकन घासला. मी ब्रेक दाबला, तीच चूक. परत पहिला गिअर टाकून चढवायला गेले तर पुढची चाकं शेवाळावर जागच्या जागी फिरायला लागली. बोटीवरचा पोरगा धावत आला. म्हणाला, ‘ताई, थोडी मागे घ्या, तिरकी करा आणि आता थांबू नका, एका दमात या.’ तिरकी केल्यावर एक चाक आधी रॅम्पवर चढलं, मग दुसरं, आणि गाडी न घासता आत गेली. त्यानंतर दहा-बारा वेळा तरी बोटीत चढले असेन, पण परत कधी घासलं नाही. गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची 170 मिलिमीटरची उंची पुरते, फक्त सरळ तोंड घालायचं नाही.

त्या दिवसापासून ह्यांनी भरतीचा हिशेब आपल्याकडे घेतला. किनाऱ्यावरच्या लोकांचा साधा ठोकताळा आहे: तिथीच्या पाऊणपट करा, त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ओहोटी त्याच्या सहा तास पुढेमागे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी जास्त चढतं आणि उतरतंही जास्त, म्हणजे रॅम्पचा कोनही जास्त. अगदी मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण आपली बोट सकाळी धरायची की दुपारी, हे ठरवायला पुरतं. मोबाईलवरचा नकाशा खाडीच्या पलीकडे किती वेळात पोचाल ते सांगतो, पाणी कुठे आहे ते सांगत नाही. शिवाय सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, रेंज जाते. म्हणून ह्यांनी कॅलेंडरची पानं आणि खाड्यांची यादी एका वहीत चिकटवलीय, ती डॅशबोर्डवर असते.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी: गंज. विकणाऱ्याने सांगितलं होतं की गाडीला खालून कोटिंग केलेलं आहे. डिसेंबरात गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा कळलं, पुढच्या भागात फक्त काळा रंग मारला होता. सायलेन्सरचा क्लॅम्प, नटबोल्ट, मागच्या चाकांजवळचे पत्र्याचे सांधे, सगळीकडे तांबूस पापुद्रे. समुद्रापासून दूर चाललेली 52 हजार किलोमीटरची गाडी दोनच महिन्यांत इतकी खराब झाली नसणार. आधीचा गंज होता आणि खाऱ्या वाऱ्याने तो जागा केला. क्लॅम्प बदलला, गंज घासून काढला, खालून नीट कोटिंग करून घेतलं. जुनी गाडी घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, लिफ्टवर चढवून खाली उभं राहून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

तेव्हापासून घरी परतलो की दुसऱ्याच दिवशी गोड्या पाण्याने बॉटम वॉश, चुकवायचा नाही. मडगार्डच्या आत बोट फिरवलं की वाळू हाताला लागते, ती तिथेच ओल धरून ठेवते. बॅटरीच्या टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा हात. या सवयीनंतर नवा गंज दिसलेला नाही.

दुसरी तक्रार फेब्रुवारीतली. देवबागला, कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या पट्टीवर, आम्ही दोन रात्री राहिलो. गाडी वाडीत, हँडब्रेक ओढून. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलेना. इंजिन चालू, क्लच सोडला की नुसती मागून बसायची. मालवणहून मेकॅनिक आला, मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला आणि ड्रमवर हातोडीने चार ठोके दिले. टक्क आवाज झाला आणि चाक सुटलं. ओल्या खाऱ्या हवेत ब्रेक-शू ड्रमला चिकटले होते. आता रात्रभर लावायची असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावतो, हँडब्रेक मोकळा. बोटीत मात्र गिअर आणि हँडब्रेक दोन्ही लागतात.

त्याच घरच्या मालकीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ‘वैनी, माडाखाली लावू नका.’ मी नारळाचा विचार केला होता, झावळीचा नाही. सुकलेली झावळ केवढी जड असते ते खाली पडलेली उचलून बघितल्यावर कळलं.

तिसरी तक्रार पावसाची. जुलैत डिकीच्या रबरातून पाणी झिरपलं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साठलं. दोन दिवसांनी कुबट वास आला तेव्हा लक्षात आलं. त्याच फेरीत वाऱ्यामुळे तवसाळची बोट बंद होती, मग राई-भातगावच्या पुलावरून गेलो. पावसात जाणार असाल तर दुसरा रस्ता आधीच बघून ठेवा.

मार्चची फेरी मात्र जपून ठेवावी अशी झाली. वेळासला पहाटे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे सोडताना बघितली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथल्या गावकऱ्यांबरोबर हे काम उभं केलं. दोरीच्या अलीकडे शे-दीडशे माणसं उभी, आणि तळहाताएवढंही नसलेलं पिल्लू ओल्या वाळूवर रेघ ओढत पुढे जात होतं. ह्यांनी माझा हात धरला होता, तो पिल्लू पाण्यात गेल्यावर सुटला. म्हणून हेही लिहिते: गाडी कुठलीही असो, पुळणीवर घालू नका. कासवांची घरटी वाळूतच असतात. चाक रुतलं तर भरती काही आपल्यासाठी थांबत नाही, आणि एवढी खारी वाळू खालून गाडीत भरली की मी वर लिहिलेली सगळी निगा वाया गेली.

केळशीत राहिलो त्या घरच्या काकूंनी मागची वाडी दाखवली. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात पोफळी आडव्या झाल्या होत्या. मधली मोकळी जागा अजून दिसते, तिथे लावलेली रोपं आता डोक्याच्या वर गेलीत. काकू प्रत्येक झाडापाशी थांबून वय सांगत होत्या. जेवण हवं असेल तर सकाळीच सांगावं लागतं, हे त्यांच्याकडेच शिकलो. माणसं मोजून भात टाकतात.

सीटबद्दल ह्यांचं मत विचारलं. दीड तासाच्या वर गुडघा आखडतो, पण या रस्त्यावर दीड तास सलग बसायची वेळच येत नाही. आरे-वारेच्या चढावर थांबायचं, पूर्णगडच्या खाडीपाशी थांबायचं. कशेळीला गाडी रस्त्यालाच ठेवून कातळावर कोरलेला हत्ती बघायला चालत गेलो, ते अंतर त्यांनी काठीशिवाय काटलं. कोकणातल्या या कातळशिल्पांचा 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला, पण पायाखाली लक्ष नसेल तर अजूनही माणूस त्यांच्यावरून चालत जाईल.

रेवस ते श्रीवर्धन हा वरचा तुकडा राहिलाय. तो गणपतीनंतर. त्याआधी मागचे ब्रेक-शू आणि डिकीचं रबर बदलायला टाकलंय, आणि वहीत आगरदांडा-दिघी आणि वेसवी-बागमांडल्याच्या बोटींसाठी ह्यांनी भाद्रपद-आश्विनातल्या तिथ्या लिहायला घेतल्यात.