सीट मिळाली, तरी फसवणूकच

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की दोन-तीन दिवसांत पालकांचे फोन वाजायला लागतात. पलीकडच्या माणसाला मुलीचं नाव, मार्क, कॅटेगरी, बारावीचं कॉलेज, सगळं आधीच ठाऊक असतं. ‘सर, गव्हर्नमेंट थोडक्यात हुकणार, पण प्रायव्हेटला बसवून देऊ. काळजी आमच्यावर सोडा.’ माझ्या दाजींना २०२४ साली असे बरेच फोन आले आणि त्यातल्या एकाने त्यांच्याकडून साडेचार लाख रुपये नेले. भाचीला एमबीबीएसची सीट मिळाली, ती आज शिकते आहे. तरीही ही फसवणूकच आहे. सीट मिळाली म्हणूनच ती कुणाला फसवणूक वाटत नाही आणि त्या एजंटचा धंदा त्यावरच चालतो.

त्या वर्षीचा गोंधळ आठवत असेल. पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२०, मग १५६३ जणांचे ग्रेस मार्क रद्द, पेपरफुटीच्या बातम्या, सुप्रीम कोर्टातल्या तारखा. २३ जुलैला कोर्टाने सगळ्यांची फेरपरीक्षा घ्यायला नकार दिला, तोवर घरोघरचे आई-बाप अर्धे झाले होते. भाची लातूरला दोन वर्षं राहून शिकलेली. मार्क असे की आदल्या वर्षी त्यावर पेढे वाटले असते, पण मार्कांचा फुगवटा एवढा की रँक कुठच्या कुठे गेली. खासगी कॉलेजच्या कट-ऑफच्या अगदी काठावर ती उभी होती. काठावरचा उमेदवार हाच एजंटचा खरा गिऱ्हाईक. वरच्याला त्याची गरज नसते आणि फार खालच्याला त्याला हातही लावायचा नसतो. हे मला फार उशिरा, सगळं उरकल्यावर कळलं.

दाजींचं कापडाचं छोटं दुकान आहे. इंग्रजी सूचना, पन्नास पानांची माहितीपुस्तिका, कोटे, फेऱ्या हे पाहून त्यांना घाम फुटला होता. एजंटने आधी ‘काउन्सिलिंग पॅकेज’ म्हणून पंचवीस हजार घेतले. फॉर्म भरणार, ऑप्शन म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम लावून देणार, फेरीच्या तारखा सांगणार. एवढ्यावर थांबला असता तर मी हा मजकूर लिहिला नसता. कागदपत्रांची खरोखर मदत करणारे, त्याचे सरळ पैसे घेणारे लोक असतात आणि गावाकडच्या पालकांना त्यांचा उपयोगही होतो.

पण ऑफिसात बोलावून त्याने दुसरं दार उघडलं. ‘जनरल प्रोसेसमध्ये रिस्क आहे. आपण इन्स्टिट्यूट कोट्यातून सीट ब्लॉक करू. माझी ट्रस्टींशी डायरेक्ट ओळख आहे.’ निम्मे आता, निम्मे अ‍ॅडमिशनला. काम नाही झालं तर पैसे परत. डोनेशन हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही. ‘सीट कन्फर्मेशन’ म्हणाला. कॅपिटेशन फीवर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

इथे खरी माहिती सांगून ठेवतो. राज्यातल्या सरकारी आणि खासगी कॉलेजांच्या जागा राज्याची प्रवेश यंत्रणा, सीईटी सेल, ऑनलाइन फेऱ्यांतून भरते. खासगी कॉलेजातला १५ टक्के इन्स्टिट्यूट कोटासुद्धा नीटच्या गुणवत्तेवर, याच यंत्रणेतून जातो. सरकारी कॉलेजांतला १५ टक्के ऑल इंडिया कोटा आणि अभिमत विद्यापीठांच्या जागा दिल्लीची मेडिकल काउन्सिलिंग कमिटी (एमसीसी) भरते. इन्स्टिट्यूट कोट्याची फी जास्त असते, पण तिथेही रँकचीच रांग. फेरी सुरू होण्याआधी सीट ‘ब्लॉक’ करून ठेवण्याची कळ कुठल्या ट्रस्टीकडे नाही. ‘सेंट्रल पूल’, ‘नॉमिनी सीट’ असली नावंही कानावर येतील. सेंट्रल पूल खरा आहे, पण तो सैनिकांची मुलं वगैरे ठरलेल्या गटांसाठी, केंद्र सरकारच्या खात्यांमार्फत आणि राज्यांमार्फत भरला जातो. पुण्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसातून तो वाटला जात नाही.

आता त्याने प्रत्यक्ष काय केलं ते. रजिस्ट्रेशन करताना मोबाइल नंबर स्वतःच्या ऑफिसचा टाकला, ईमेलही त्यांचाच. ‘ओटीपी रात्री-अपरात्री येतात, तुमची धावपळ नको.’ म्हणजे भाचीच्या नावाच्या लॉगिनवर भाचीचाच ताबा नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये कोणती कॉलेजं, कोणत्या क्रमाने लावली हे तिला विचारलं नाही आणि नंतर दाखवलंही नाही. ‘व्हेरिफिकेशनसाठी’ म्हणून दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं, टीसी, डोमिसाइल, जातवैधता, नॉन-क्रीमीलेयर असा सगळा गठ्ठा ठेवून घेतला. पोच मागितली तर ऑफिसातल्या मुलीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्माइली आली. पैशांपैकी काही रक्कम कुणा बाईच्या नावच्या खात्यावर यूपीआयने आणि उरलेली रोख.

पहिल्या फेरीत काही लागलं नाही. ‘सीट होल्डवर आहे, काळजी करू नका.’ दुसऱ्या फेरीत एका खासगी कॉलेजात नाव आलं. घरात रडारड, देवाला नारळ. संध्याकाळी एजंटचा फोन, आवाज एकदम बदललेला. उरलेली रक्कम उद्याच्या उद्या. मूळ कागद पैसे आल्यावर. कॉलेजला हजर व्हायची मुदत मोजक्या दिवसांची आणि मूळ कागदांशिवाय तिथे उभंही करत नाहीत. ताईने दागिने गहाण टाकले. दाजी म्हणाले, थोडे थांबा, तर उत्तर मिळालं, ‘पोलिसात जा ना. पैसे तुम्हीपण दिलेत, तुम्हीच अडकाल.’ पैसे गेले, कागद मिळाले. कॉलेजात सोबत आलेल्या पोराने भाचीकडून स्टेटस रिटेन्शनचा फॉर्मही भरून घेतला. ‘हा नाही भरला तर सीट जाते.’ खरं तर तो भरला की पुढच्या फेरीत वरचं कॉलेज मिळण्याची वाट बंद होते. त्याला हिशोब मिटवायचा होता, म्हणून तिची वाटही त्यानेच मिटवली.

मी यात आलो फीच्या निमित्ताने. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, पण प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. मॅनेजमेंट किंवा संस्थास्तरावरच्या प्रवेशाला ही माफी नाही. मी दाजींना म्हटलं, आपण ओबीसी, उत्पन्न बसतंय, माफी घ्या की. ते म्हणाले, एजंट सर म्हणतात आपली सीट कोट्यातली, आपल्याला नाही बसत.

रात्री सीईटी सेलच्या वेबसाइटवरून निवड यादीची पीडीएफ काढली. ही यादी कुणालाही बघता येते. भाचीच्या नावासमोर कॉलेजचं नाव आणि पुढे ओबीसी लिहिलेलं. इन्स्टिट्यूट कोट्यात जातीचं आरक्षण नसतं. म्हणजे तिला सीट मिळाली ती राज्य कोट्यात, स्वतःच्या मार्कांवर, स्वतःच्या प्रवर्गात. त्याच कॉलेजच्या यादीत, त्याच प्रवर्गात, तिच्यापेक्षा खालच्या मेरिट नंबरची मुलं होती. ती काही सगळी या एजंटकडे गेलेली नव्हती. साडेचार लाखांत आम्ही विकत घेतलं ते आमच्याच मुलीचं होतं.

यादी आणखी चाळली तर पोटात कालवलं. आमच्या गावापासून तासाभरावरचं एक जुनं कॉलेज, जिथे ओपीडीला रोज रांगा लागतात, तिथेही तिच्या खालच्या नंबरचं नाव लागलेलं होतं. एमबीबीएसला इमारत किती चकाचक आहे यापेक्षा वॉर्डात पेशंट किती आहेत हे मोठं. म्हणजे तिच्या ऑप्शन फॉर्ममध्ये ते कॉलेज एक तर नव्हतंच, नाहीतर मिळालेल्या कॉलेजच्या खाली लावलेलं होतं. तिला मिळालेलं कॉलेज नवं, घरापासून लांब आणि खाटा बऱ्याचदा रिकाम्या. साडेचार वर्षं आणि वर इंटर्नशिप तिला तिथेच काढायची आहे. पैसे गेल्याचं मला एवढं लागलं नाही, जेवढं हे लागलं.

मग या धंद्याचं गणित उमगलं. समजा काठावरची शंभर पोरं धरली आणि प्रत्येकाकडून निम्मी रक्कम उचलली. फॉर्म सगळ्यांचे भरले की त्यातल्या तीस-चाळीस जणांचं नाव आपोआप लागतंच, कारण ती काठावरची असतात. त्यांच्याकडून उरलेली निम्मी वसूल. बाकीच्यांना ‘प्रोसेसिंग’ कापून, रखडवून रखडवून थोडेफार परत. कुठे ओळख नाही, कुठे सेटिंग नाही, एकाही ट्रस्टीला चहा पाजलेला नाही. गाभण म्हशीसमोर बसून रेडकू आपण आणलं म्हणण्यातला प्रकार. आणि ज्यांची नावं लागतात ते पालक गावभर सांगतात की सरांनी काम केलं. आमच्याच भाचीचा हार घातलेला फोटो त्यांच्या फ्लेक्सवर झळकत होता.

नाव न लागलेल्यांची दशा एजंटच्या ऑफिसच्या जिन्यात बघितली. एक गृहस्थ रोज येऊन बसायचे. त्यांच्या मुलाचं एमसीसीचं लॉगिनही एजंटकडेच. अभिमत विद्यापीठांसाठी एमसीसीकडे पाच हजार नोंदणी शुल्क आणि दोन लाख अनामत भरावी लागते. मुलाला न सांगता लावलेल्या ऑप्शनमधून दुसऱ्या फेरीत एका अभिमत विद्यापीठाची सीट लागली, फी वर्षाला वीस लाखांच्या वर. एवढे पैसे आणणार कुठून? पहिल्या फेरीत सीट सोडली तर अनामत वाचते, दुसऱ्या फेरीपासून सोडली तर जप्त होते. दोन लाख तिथेच गेले. एजंटकडून परतीचा चेक मिळाला होता, पण दर वेळी ‘पुढच्या आठवड्यात टाका’. चेक तीन महिनेच चालतो. ही टोलवाटोलवी मुदत संपवण्यासाठीच होती. चेक वेळेत टाकून तो परत आला असता, तर परतीच्या मेमोपासून तीस दिवसांत नोटीस, मग पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात चेक न वटल्याच्या १३८ कलमाखाली कोर्ट, असा सरळ रस्ता होता. हातात असा चेक असेल तर त्याच्या तोंडी निरोपावर थांबू नका, तारीख आली की बँकेत टाका.

तक्रार करायची म्हटलं तर घरचेच आडवे आले. ताईला भीती की मुलीचं अ‍ॅडमिशन रद्द होईल. नातेवाईक म्हणाले, सीट मिळाली ना, मग झालं. अ‍ॅडमिशन मेरिटवर झालेलं आहे, यादीत नाव आहे, ते एजंटवरच्या तक्रारीने कसं रद्द होणार, हे समजावण्यात माझे दिवस गेले. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनीही तोच प्रश्न केला, ‘नुकसान नेमकं काय?’ त्यांच्यासमोर पीडीएफ ठेवली, तिचा नंबर आणि तिच्या खालचे नंबर पेनाने दाखवले, कोट्याचं आश्वासन दिलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज दाखवले, तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली. तेव्हा भारतीय न्याय संहिता लागू झालेली होती, फसवणुकीचं कलम आता ३१८. अर्ज घेतला आहे. अर्जात नीट मांडता आली ती फक्त यूपीआयची रक्कम. रोखीचा पुरावा नाही. अर्जाची कुणकुण लागताच एजंटने लाखभर रुपये परत पाठवले आणि फ्लेक्स उतरवला. फीमाफीचा अर्ज भाचीने स्वतः भरला.

ज्यांच्या घरी यंदा निकाल आहे त्यांनी आदल्या वर्षीच्या निवड याद्या आत्ताच काढून ठेवाव्यात. आपला प्रवर्ग, आपल्या रँकच्या आसपासचे नंबर, कुठे कुणाला काय लागलं, हे दोन संध्याकाळींचं काम आहे आणि बारावी झालेल्या पोराला ते उत्तम जमतं. वर्षागणिक मार्क वर-खाली होतात, म्हणून मार्क नव्हे, रँक जुळवा.

दाजींना अजून अनोळखी पालकांचे फोन येतात, कारण एजंटने त्यांचा नंबर ‘समाधानी पालक’ म्हणून वाटला होता. परवा परभणीहून एकाचा आला, सर विश्वासू आहेत का विचारत होता. दाजींनी उलट विचारलं, मुलाच्या फॉर्मवर मोबाइल नंबर कुणाचा आहे? सरांचाच, तो म्हणाला. ‘मग आधी सीईटी सेलला लेखी कळवून तो बदलून मागा, मूळ कागद आजच जाऊन घेऊन या आणि मग मला फोन करा,’ दाजी म्हणाले.