एजंट नको, आधी हा व्हॅल्युअर गाठा

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका व्हॅल्युअरकडून, म्हणजे मालमत्तेची किंमत काढून देणाऱ्याकडून, आमच्या जुन्या वाड्याचं व्हॅल्युएशन करून घेतलं. वाडा शनिवार पेठेतला, आपल्या सातारची नव्हे, पुण्याची, शनिवारवाड्याला लागून जी आहे ती. वाटण्या चालल्यात म्हणून आकडा पाहिजे होता. त्याआधी एका एजंटानं रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारनं त्या भागाला ठरवलेला, रेट गुणून असला काय आकडा सांगितला की थोरल्या काकांनी सुनेला फ्लॅट बघायलाच लावलं!

हा माणूस गाडी काढून स्वतः पुण्याला आला आणि घरात शिरायच्या आधी टेप घेऊन गल्ली मोजत बसला. थोरले काका म्हणे शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापासून मोजा की, लांब पडतंय. तो म्हणाला, काका, दरवाजा धरत नाहीत, स्मारकाची संरक्षित हद्द जिथं संपते तिथून मोजायचं. वाडा बसला ८० मीटरच्या आत. मग ओसरीवर बसून सगळं फोड करून सांगितलं, शनिवारवाडा केंद्राचं संरक्षित स्मारक, त्यामुळं २०१० ला कायद्यात बदल झाल्यापासून हद्दीपासून १०० मीटर नवीन बांधकाम बंद, पुढचे २०० मीटर परवानगी काढून बांधता येतं. आतल्यांना फक्त दुरुस्ती, तीही परवानगीनं आणि घर १६ जून १९९२ च्या आधीचं असेल तर, म्हणून त्यानं आजोबांच्या नावची घरपट्टीची जुनी पावती काढायला लावली. एफएसआय, म्हणजे जागेवर किती बांधता येतं तो आकडा, कागदावर कितीही दिसू दे, वापरताच येत नसेल तर बिल्डर पैसे कशाचे देणार? त्यात भर म्हणून दोन जुने भाडेकरू. सागवानी खांबांना गिऱ्हाईक आहे पण वाडा उतरवल्यावर, आणि उतरवला की तिथं परत काही उभं राहत नाही. धाकट्या काकांचं घर गल्लीपलीकडं ११० मीटरवर, साधं पत्र्याचं, त्याचा चौरस फुटाचा भाव आमच्या वाड्यापेक्षा जास्त निघाला. थोरले काका चहा येईपर्यंत बोललेच नाहीत.

तक्रार म्हणजे आठ दिवस म्हणून सांगितलेला रिपोर्ट तीन आठवड्यांनी मिळाला, सगळा इंग्रजीत, त्यात आजोबांचं आडनाव चुकलेलं, परत हेलपाटा. फी पण कमी नाही. तरी चार स्टार देतोय, एक रिपोर्टच्या उशिरापायी कापला.

जाताना प्रॉपर्टी कार्ड आणि घरपट्टीच्या जुन्या पावत्या घेऊन जा, बसायच्या आधी तेच मागतो.