एनव्हीडीएला फील्डची नावं शिकवली: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो. ज्या प्रोग्रॅममध्ये रोज काम करावं लागतं आणि ज्याचे निर्माते चौकटींची नावं (लेबलं) दुरुस्त करायला तयार नाहीत, त्याच्यासाठी एनव्हीडीए या स्क्रीन रीडरचं (पडदा वाचून ऐकवणाऱ्या प्रोग्रॅमचं) ॲप मॉड्यूल, म्हणजे त्या एका प्रोग्रॅमपुरती छोटी जोड-फाइल, लिहिण्याचा खटाटोप परवडतो. वेबसाइटसाठी मात्र नाही.

माझा प्रोग्रॅम हिशेबाचा, जुना, डेल्फाय या प्रोग्रॅमिंगच्या साधनात बनवलेला. नोंदीच्या फॉर्मवर टॅब मारत गेलं की प्रत्येक चौकटीवर एकच घोष, ‘एडिट, ब्लँक’. डोळस सहकारी म्हणतात, ‘अहो, नाव तर शेजारीच लिहिलंय!’ लिहिलेलं असतं, पण विंडोजच्या लेखी ते नसतंच. साध्या डायलॉगमध्ये एडिट बॉक्सच्या लगेच आधी आलेला स्टॅटिक मजकूर त्याचं नाव म्हणून उचलला जातो. डेल्फायचं टीलेबल, म्हणजे लेबल दाखवणारा त्याचा घटक, ही मुळात स्वतंत्र विंडोच नाही, फॉर्मवर रंगवलेली नुसती अक्षरं. मग स्क्रीन रीडरने नाव आणायचं कुठून?

सुरुवात सोपी आहे. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये डेव्हलपर स्क्रॅचपॅड (स्वतःचा कोड ठेवायचं फोल्डर) चालू करायचं, त्यातल्या ॲपमॉड्यूल्स फोल्डरमध्ये प्रोग्रॅमच्या ईएक्सई फाइलच्याच नावाची पायथन फाइल ठेवायची आणि ऑब्जेक्ट (पडद्यावरचा एकेक घटक) तयार होतानाच्या इव्हेंटमध्ये त्याचं नाव भरायचं. फाइल बदलली की एनव्हीडीए की (सहसा इन्सर्ट), कंट्रोल आणि एफ ३ एकत्र दाबायचं. स्क्रीन रीडर बंद करून पुन्हा सुरू करावा लागत नाही. एनव्हीडीए आणि एफ १ दाबलं की लॉगमध्ये त्या ऑब्जेक्टची सगळी कुंडली मिळते: विंडो क्लास (विंडोच्या प्रकाराचं नाव), रोल (एडिट, बटण वगैरे भूमिका), कंट्रोल आयडी (ओळख क्रमांक), जागा. पायथन जेमतेम येत असेल तरी इथवर पोचता येतं.

खरा प्रश्न पुढे येतो: ही चौकट ‘रक्कम’ची आणि ती ‘सूट’ची, हे ओळखायचं कशावरून? काही प्रोग्रॅममध्ये कंट्रोल आयडी कायम तोच असतो, तिथे काम झालंच समजा. माझ्याकडे तो फॉर्म उघडेल तसा बदलतो. पडद्यावरची जागा धरावी, तर विंडो मोठी केली की गणित बिघडतं. शेवटी फॉर्मचा क्लास आणि त्यातला चौकटीचा क्रम या दोन गोष्टींवर तक्ता बांधला.

याहून हुशार वाटणारा मार्गही आहे. पडद्यावर रंगवला जाणारा मजकूर एनव्हीडीए काही प्रमाणात टिपून ठेवतो. त्यातून चौकटीच्या डावीकडचे शब्द उचलायचे, म्हणजे तक्ता नको आणि फॉर्म कोणताही चालेल. दिसायला झकास, पण लेबल डावीकडे नसून वर असलं की शेजारच्या चौकटीचं नाव हिच्या माथी बसतं. नाव न सांगणारी चौकट निदान सावध तरी करते. चुकीचं नाव ठणकावून सांगणाऱ्या चौकटीत मी ‘सूट’चा आकडा ‘रक्कम’मध्ये भरून मोकळा होईन. म्हणून कंटाळवाणा तक्ताच ठेवला.

त्या तक्त्यालाही राखण लागते. प्रोग्रॅमच्या एका अपडेटमध्ये फॉर्मच्या मधोमध नवीन चौकट आली आणि तिच्याखालची सगळी नावं एकेक घर सरकली. आता मॉड्यूल आधी फॉर्ममधल्या चौकटी मोजतं. संख्या तक्त्याशी जुळली नाही, तर एकही नाव देत नाही, फक्त ‘लेबल तपासा’ म्हणतं. सगळ्या कोडमधल्या याच चार ओळी मला सर्वांत मोलाच्या वाटतात.

एनव्हीडीएच्या अपडेटकडेही लक्ष हवं. दरवर्षीच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे ‘.१’मध्ये, जुन्या कोडला खीळ बसू शकते. रोलची जुनी नावं २०२२.१ मध्ये काढून टाकली, त्यामुळे इंटरनेटवरचे जुने नमुने उतरवून घेतले तर ते तिथेच अडतात. नावं लिहिताना संक्षेप टाळा. ‘खा. क्र.’ ऐकायला भयंकर लागतं, ‘खाते क्रमांक’ लिहा.

वेबवर हा मार्ग अर्धाच चालतो. ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे वेबपान बाणाच्या कळांनी वाचताना, एनव्हीडीए पानाची वेगळी मजकूर-प्रत वाचतो, त्यामुळे टॅबने गेलं तर तुमचं नाव ऐकू येतं आणि बाणाने गेलं तर येत नाही. तिथे साइटवाल्यांच्या मागे लागणंच बरं. त्यांच्याकडून पानाच्या कोडमध्ये लेबल टॅग नाहीतर एरिया-लेबल (aria-label) एवढंच हवं असतं. जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरमध्ये मात्र वेबच्या फील्डला एक ओळ कोड न लिहिता स्वतःचं लेबल देता येतं, ही सोय एनव्हीडीएतही असायला हवी होती. उलट जॉजची स्क्रिप्ट त्याच्या स्वतःच्या भाषेत लिहून कंपाइल करावी लागते. मला पायथन सोयीचं पडलं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही: नोंदींचा ग्रिड. प्रोग्रॅम तो अख्खा ग्रिड स्वतःच रंगवतो, त्यातले कप्पे ऑब्जेक्ट म्हणून हाती लागतच नाहीत, मग नाव कोणाला देणार? तिथे सध्या एनव्हीडीए आणि आर दाबून विंडोजचं ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारी सोय) चालवतो आणि आकडे दोनदा ऐकतो.