ग्रेडियंट लोकरीचा नक्षीदार पुलओव्हर: एक हिवाळा वापरल्यावर

नाशिकच्या थंडीला हा पुलओव्हर पुरतो. पहाटे पारा दहाच्या खाली असला तरी गंगापूर रोडवरून दुचाकीवर जाताना आत एक सुती शर्ट बास होतो, कारण दोन धाग्यांनी विणलेलं कापड (एक रंग विणताना दुसरा मागून मोकळा जातो) जवळजवळ दुहेरी असतं. मात्र अकराच्या उन्हात तो अंगात ठेववत नाही. निफाडकडच्या थंडीत तो जास्त वेळ घालता येईल.

माप: तयार छाती १०० सेंमी, १० सेंमीत २४ टाके आणि २८ फेऱ्या. अंगाला ९ नंबरची गोल सुई (३.७५ मिमी), बॉर्डरला १० नंबरची (३.२५ मिमी). जमिनीला, म्हणजे नक्षीमागच्या रंगाला, एकरंगी राखाडी ४०० ग्रॅम, नक्षीला ग्रेडियंटचे (एकाच धाग्यात हळूहळू रंग बदलत जाणारे) १०० ग्रॅमचे चार गुंडे, प्रत्येकी सुमारे २२० मीटर.

या लोकरीत रंग बदलतो तो धाग्याच्या लांबीप्रमाणे, विणलेल्या उंचीप्रमाणे नाही. सगळी गंमत आणि सगळा घोळ इथेच आहे. अंगाच्या २४० टाक्यांच्या फेरीत नक्षीचा धागा साधारण अडीच मीटर जातो, म्हणजे एक गुंडा ३१ सेंमी चालतो. बाहीत ६० ते ८४ टाके असतात. अख्ख्या बाहीला जेमतेम ८५ मीटर पुरतात, त्यामुळे अर्धे रंग बाहीत दिसतच नाहीत आणि बगलेत अंगाचा शेवटचा रंग बाहीच्या मधल्याच कुठल्या तरी रंगाला येऊन भिडतो. उपाय असा: स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर गुंड्याच्या शेवटाकडचे ४० ग्रॅम वेगळे करायचे आणि बाही तिथून सुरू करायची. दोन्ही बाह्यांना स्वतंत्र गुंडे हवेत. अंग आणि बाह्या जोडून वर विणायच्या खांद्याच्या गोलासाठी चौथा गुंडा उलट्या टोकाकडून घेतला की बगलेत तिन्ही तुकड्यांचा रंग जुळतो.

गुंड्यात गाठ निघाली तर न उसवता पुढे विणू नये. गाठीपलीकडे कधीकधी रंगांचा क्रम उलटा लागलेला असतो. आधी सगळा गुंडा गुंडाळून पाहिला की ते कळतं.

सगळ्यात मोठी चूक जमिनीच्या रंगाची. गडद राखाडीवर मोहरी आणि विटकरी उठून दिसतात, पण गुंड्याच्या मध्यावर वांगी रंग येतो आणि तिथे चांगली पाच सेंमी नक्षी बुडून जाते. मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढला असता तर हे दुकानातच दिसलं असतं: त्या फोटोत दोन्ही धागे सारखेच करडे दिसले, तर ती जोडी सोडून द्यावी. ग्रेडियंटमध्ये गडद छटा असतील तर जमीन फिकटच हवी.

विणताना नक्षीचा धागा कायम खालून आणि जमिनीचा वरून घ्यावा. खालचा धागा किंचित मोठा टाका देतो, म्हणून मध्येच अदलाबदल झाली तर नक्षीत आडवी रेघ दिसते. पाच टाक्यांपेक्षा लांब मागचा धागा मध्ये अडकवून घ्यावा. मनगटापाशी तर तीन टाक्यांनीच, नाहीतर घालताना बांगड्या-अंगठ्या त्यात अडकतात. बाहीची वीण आपोआप घट्ट होते, तिथे ८ नंबरची सुई (४ मिमी) घेतली की माप बरोबर येतं.

चार महिन्यांनंतर रंग तसेच आहेत. बगलेत आणि बॅगेच्या पट्ट्याखाली मात्र गोळे आलेत, कारण ही लोकर एकपदरी आणि कमी पिळाची आहे. गोळे ओढू नयेत, कातरीने कापावेत. धुलाई थंड पाण्यात, लोकरीच्या लिक्विड साबणात, न चोळता. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत सपाट वाळवायचं. दोरीवर टाकला तर ओल्या वजनाने लांबी वाढते.

पावसाळ्याआधी धुऊन, पूर्ण वाळवून, घडी करून सुकलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासोबत ठेवावा. न धुता ठेवला तर घामाच्या आणि डागाच्या जागी कसर आधी लागते.

बाही विणताना कोपरापाशी पोचलं की तिथल्या छटेचा तीन मीटर धागा कापून बाजूला ठेवावा. बाहीत त्याने चारच फेऱ्यांचा फरक पडतो, तो दिसत नाही. पण पुढे कोपर झिजलं की रफूला नेमका तोच रंग लागतो, आणि उरलेल्या लोकरीत तो सापडत नाही.