आठ महिने रो-रोने: तिकिटाचा खरा हिशेब

दिवाळीनंतर माझी बदली सुरतेला झाली. घर बडोद्यातच, दांडिया बाजारात, आणि ताई भावनगरला दिलेली. त्यामुळे महिन्यातून एकदा सुरत-भावनगर-बडोदा असा त्रिकोण होतो. त्यातली पहिली बाजू मी सुरतेजवळच्या हजीराहून भावनगरजवळच्या घोघ्याला जाणाऱ्या रो-रोने, म्हणजे माणसांबरोबर गाड्याही नेणाऱ्या बोटीने, करतो. आतापर्यंत नऊ वेळा झाली.

बडोद्याच्या मंडळींना आधीच सांगतो, घरून थेट भावनगरला निघणार असाल तर या बोटीच्या नादी लागू नका. तारापूर, वटामण करत रस्त्याने दोनशेच्या आसपास किलोमीटर होतात. हजीरा गाठायलाच दीडशेच्या वर. २०१७ साली ही सेवा सुरू झाली तेव्हा बोट भरूचजवळच्या दहेजला लागायची, ते आपल्याला सोयीचं होतं. पण खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या घरात, आणि गाळ म्हणाल तर विचारूच नका. दहेजला त्या गाळाने हात टेकायला लावले. नोव्हेंबर २०२० पासून बोट हजीराहून सुटते.

आता पैशांचं. पहिल्यांदा माणशी भाडं बघून मी खूश झालो होतो. गाडीचं भाडं वेगळं, हे बुकिंगच्या पुढच्या पानावर कळलं. दुचाकी, कार, ट्रक, प्रत्येकाचा दर निराळा. डेकवर उभं राहिलं की कारण कळतं. शिट्टी फुंकणारा माणूस हाताच्या इशाऱ्याने गाड्या अशा लावून घेतो की दार उघडून उतरताना पोट आत घ्यावं लागतं. बोट मुळात जागा विकते आणि ट्रक सर्वांत जास्त जागा खातो. हँडब्रेक ओढून वर जायचं, कारण प्रवासात गाडीत बसू देत नाहीत. वर पुन्हा साधी खुर्ची, स्लीपर, केबिन असे दर चढत जातात. मी एकदा हौसेने स्लीपर घेतला. साडेतीन-चार तासांचा प्रवास, डोळा लागेपर्यंत घोघा आलं.

स्वस्त पडतं का? सुरत-भावनगर रस्त्याने ३७० किलोमीटर, समुद्रातून ९०. माझी गाडी लिटरला पंधरा देते, म्हणजे रस्त्याने पंचवीस लिटर पेट्रोल, वर टोल. गंमत अशी की हा खर्च गाडीत एक बसो की पाच, तेवढाच. बोटीवर गाडीचे मोजून झाल्यावर डोकी मोजतात. एकटा असलो की माझी जवळपास बरोबरी होते, दहा-बारा तासांचं ड्रायव्हिंग वाचतं ते वेगळंच. आई, बायको आणि दोन्ही मुलांना घेऊन गेलो तेव्हा मात्र रस्ताच स्वस्त पडला असता. आई म्हणाली, एवढ्या पैशांत ताईला साडी आली असती.

गाडी न नेता जाणं सर्वांत स्वस्त, पण घोघा म्हणजे भावनगर नव्हे. पुढे वीसेक किलोमीटर उरतात, आणि हजीरा सुरत शहरापासून दूर. दोन्हीकडच्या रिक्षा धरून हिशेब करा. मी केला नव्हता.

तिकीट रद्द करायची वेळ आली तर सुटायच्या वेळेआधी किती तास उरलेत ते बघा. एका मध्यस्थ साइटवरून मी आदल्या रात्री रद्द केलं, निम्म्याहून जास्त कापले आणि त्यांचं सेवाशुल्क तर गेलंच. जूनमध्ये समुद्र खवळला म्हणून बोटच रद्द झाली, तेव्हा तिकिटाचे पूर्ण पैसे आले, सेवाशुल्क तेव्हाही नाही. आता मध्यस्थाला हात लावत नाही.

परतताना घोघ्याचं तोंड बघत नाही. ताईने दिलेले गाठिये मागच्या सीटवर टाकतो आणि वटामणच्या रस्त्याने बडोद्याला येतो.